कुलूप, वही आणि शब्द

औषधाच्या दुकानात आपण सगळेच जातो. चिठ्ठी पुढे करतो, गोळ्यांची पाकिटे घेतो, पैसे देतो आणि बाहेर पडतो. बहुतेक वेळा एवढ्यावरच काम भागते. काही औषधांच्या बाबतीत मात्र हा व्यवहार जरा वेगळा होतो. फार्मासिस्ट चिठ्ठीवरची तारीख आणि डॉक्टरांची सही निरखून पाहतो, निराळ्या वहीत नोंद करतो, काही औषधांसाठी कपाटाचे कुलूप काढतो. झोपेच्या, चिंता कमी करणाऱ्या, तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधांचा यात समावेश होतो. कायद्याच्या भाषेत ही ‘नियंत्रित’ औषधे.

या औषधांवर नियंत्रण ठेवायची तीन साधने आहेत. पहिले कुलूप, दुसरे वही आणि तिसरे म्हणजे औषध देताना रुग्णाशी बोललेले शब्द. पहिल्या दोन साधनांबद्दल कायदे फार पूर्वी झाले. तिसऱ्याबद्दल ते अगदी अलीकडे झाले, आणि काही काळ तर ‘रुग्णाशी बोलू नये’ असाच नियम होता. असे का झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या लेखात पाहू या.

पथ्य, अनुपान आणि खाचांची पट्टी

आपल्याकडे वैद्य स्वतःच औषध तयार करी आणि स्वतःच ते रुग्णाच्या हाती देई. मात्रा मधातून घ्यायची की तुपातून, म्हणजे तिचे अनुपान कोणते, जेवणाआधी घ्यायची की नंतर, पथ्य काय, हे सगळे त्या देण्यातच येत असे. पथ्य न सांगता दिलेले औषध अर्धेच दिल्यासारखे मानले जाई.

युरोपात मात्र सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात, १२४०च्या सुमारास, आपल्या सिसिलीच्या राज्यात वैद्य आणि औषधविक्रेता हे दोन व्यवसाय कायद्याने वेगळे केले. जो औषध लिहून देतो त्याला त्याच्या विक्रीतून लाभ होऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला होता आणि आजही तो पटण्यासारखा आहे. पण या विभागणीत एक प्रश्न मधल्या मध्ये राहिला. औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला कोणी सांगायचे? लिहिणाऱ्याने की देणाऱ्याने?

आपल्याकडच्या दवाखान्यांत विसाव्या शतकात कंपाउंडर मिक्श्चरची बाटली भरून देई, तेव्हा बाटलीवर कागदाची एक खाचा पाडलेली पट्टी चिकटवलेली असे. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही ती समजे. रुग्णाला सूचना देण्याचे हे एक साधे, स्वस्त आणि हुशारीचे साधन होते. पण एका वेळी किती, एवढेच ती पट्टी सांगू शके. का घ्यायचे, चुकले तर काय करायचे, धोका कशात आहे, हे तिला सांगता येत नसे.

काजळी आणि नीळ

नियंत्रणाचे आधुनिक कायदे औषधांपासून सुरू झाले नाहीत, विषापासून झाले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पांढरा सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, उंदीर मारण्यासाठी कोणालाही मिळे. तो पांढरा, जवळजवळ बेचव, आणि पिठात किंवा साखरेत मिसळला तर ओळखू न येणारा. १८५१ साली तिथे सोमलाबद्दल कायदा झाला. विक्रेत्याने वहीत गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, कारण आणि वजन लिहायचे, गिऱ्हाइकाने सही करायची. विक्रेता त्याला ओळखत नसेल, तर दोघांनाही ओळखणारा साक्षीदार हवा. शिवाय थोड्या प्रमाणात विकला जाणारा सोमल काजळी किंवा नीळ मिसळून रंगीत करायचा. रंग हीच सूचना! ज्याला वाचता येत नाही त्यालाही ‘हे पीठ नव्हे’ हे कळावे, अशी ही युक्ती होती.

तरीही १८५८ साली ब्रॅडफर्ड शहरात भीषण अपघात घडला. मिठाई करणारे लोक महाग साखरेत प्लास्टर ऑफ पॅरिससारखी स्वस्त पांढरी भुकटी मिसळत. ती आणायला औषधविक्रेत्याकडे माणूस गेला, तेव्हा विक्रेता आजारी होता. त्याच्या मदतनिसाने भलत्याच पिंपातून भुकटी काढून दिली, आणि ती सोमल निघाली. तिची मिठाई बाजारात विकली गेली. सुमारे वीस माणसे दगावली, दोनशेच्या आसपास आजारी पडली. पिंपावर ठळक चिठ्ठी नव्हती, मदतनीस प्रशिक्षित नव्हता, आणि ‘हे कशासाठी हवे?’ असे कोणी विचारले नाही.

या घटनेनंतर सुरू झालेल्या चर्चेतून १८६८चा फार्मसी कायदा आला. विषारी पदार्थ प्रशिक्षित, नोंदणी झालेल्या माणसानेच विकावेत हे त्यात ठरले. सोमल, स्ट्रिक्नीन यांसारख्या विषांना वही आणि ओळख आवश्यक झाली. अफू आणि तिच्या मिश्रणांना मात्र फक्त ‘विष’ अशी चिठ्ठी आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता पुरेसा मानला गेला. तयार बाटल्यांतली ‘पेटंट’ औषधे तर या कायद्यातून वगळलीच गेली.

अफूचा अर्क

त्या बाटल्यांत काय होते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी एका औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या विशीतल्या तरुणाने १८०५च्या सुमारास अफूतून तिचा प्रभावी घटक वेगळा केला. ग्रीक पुराणातल्या स्वप्नदेवतेवरून त्याला मॉर्फिन हे नाव मिळाले. १८१७ साली त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. थोड्या थोड्या वेळाने डोस घेत गेल्यावर चौघांचीही अवस्था अशी झाली, की शेवटी व्हिनेगर पिऊन उलटी करावी लागली. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पण त्यातून एक मोठी गोष्ट सिद्ध झाली. अफूचा कस पिकानुसार बदलतो, शुद्ध मॉर्फिनचा मात्र वजन करून नेमका डोस ठरवता येतो. औषधाची मात्रा मोजता येऊ लागली, ती येथपासून.

मोजता येणारे औषध मोजूनच वापरले जाईल असे मात्र नाही. इंग्लंडात ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ आणि अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ ही रडणाऱ्या बाळांसाठीची औषधे घरोघरी असत. पहिल्यात अफू, दुसऱ्यात मॉर्फिन. कित्येक बाळे त्या झोपेतून उठली नाहीत. आपल्याकडेही हे दूर नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफू असलेली ‘बाळागोळी’ देत. दहा तास पाळीवर उभे राहायचे, घरी बाळाला सांभाळायला कोणी नाही, पाळणाघर नाही. त्या बायांना दोष देणे सोपे आहे. पण गोळी विकणाऱ्याने तिच्यात काय आहे आणि ती बाळाचा श्वास मंद करते हे सांगितले होते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

१८९८ साली बायर कंपनीने ‘हेरॉइन’ हे औषध खोकल्यावर बाजारात आणले. आज हे वाचून आश्चर्य वाटते. १९०६ साली अमेरिकेत कायदा झाला, की बाटलीत अफू, मॉर्फिन, हेरॉइन, कोकेन किंवा मद्यार्क असेल तर तसे चिठ्ठीवर छापलेच पाहिजे. बंदी नव्हती, फक्त सांगण्याची सक्ती होती. आत काय आहे हे आईला कळण्याचा मार्ग पहिल्यांदा खुला झाला.

गप्प बसण्याची आचारसंहिता

पुढे नियंत्रण कडक होत गेले. १९१२ साली हेग येथे अफूविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला. १९१४ साली अमेरिकेने हॅरिसन कायदा केला आणि १९२० साली ब्रिटनने आपला ‘डेंजरस ड्रग्ज’ कायदा. चिठ्ठीशिवाय औषध नाही, प्रत्येक देवघेवीची नोंद, साठ्याचा हिशेब. कुलूप आणि वही पक्की झाली. शब्दाचे काय झाले?

अमेरिकेतल्या फार्मासिस्टांच्या संघटनेने १९५२ साली जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्यात असे म्हटले होते, की फार्मासिस्टाने चिठ्ठीवरच्या औषधाचे घटक किंवा परिणाम यांची रुग्णाशी चर्चा करू नये. रुग्णाने विचारलेच तर त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. औषधावर चार-पाच वर्षे शिक्षण घेतलेल्या माणसाने त्याच औषधाबद्दल मौन पाळायचे! डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात तिसऱ्याने पडू नये, अशी त्यामागची समजूत होती. अनेक ठिकाणी तर बाटलीवर औषधाचे नावही लिहीत नसत.

हा नियम मोडून दाखवणारी माणसेही त्याच देशात निघाली. व्हर्जिनिया राज्यातल्या बेरीव्हिल या छोट्या गावात युजीन व्हाइट या फार्मासिस्टाने १९६० साली आपल्या दुकानातले सोडा फाउंटन आणि इतर माल काढून टाकला आणि तिथे दवाखान्यासारखी बसण्याची जागा केली. प्रत्येक कुटुंबाचे एक कार्ड ठेवले. कोणाला कोणते औषध चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे, हे त्या कार्डावर असे. नवीन औषध देण्यापूर्वी ते कार्ड पाहून तो रुग्णाशी बोले. वही तीच, पण तिचा उपयोग बदलला. पोलिसांना दाखवण्यासाठी असलेली नोंद रुग्णाला सांभाळण्यासाठी वापरली जाऊ लागली.

अमेरिकेतील मूलनिवासींसाठी असलेल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या फार्मासिस्टांनी आणखी एक पद्धत रूढ केली. ती आपल्यासारख्या शिक्षकांना विशेष आवडेल. औषध देताना व्याख्यान द्यायचे नाही, तीन प्रश्न विचारायचे. हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितले? ते कसे घ्यायला सांगितले? त्याने काय होईल असे सांगितले? रुग्णाला जे ठाऊक आहे ते त्याच्या तोंडून येते, आणि उरलेले फार्मासिस्ट भरून काढतो. शेवटी सगळे रुग्णाकडून पुन्हा वदवून घ्यायचे. ‘समजले का?’ असे विचारल्यावर सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. समजले की नाही हे विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत सांगू लागला म्हणजेच कळते.

१९६९ साली ती मौनाची आचारसंहिता बदलली. १९९० साली चार्ल्स हेपलर आणि लिंडा स्ट्रँड यांनी एका लेखात मांडले, की औषध बिनचूक दिले म्हणजे फार्मासिस्टाचे काम संपत नाही. त्या औषधाने रुग्णाचे भले झाले की नाही याची जबाबदारीही त्याच्याकडे येते. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा केला आणि तो १९९३च्या जानेवारीपासून लागू झाला. सरकारी योजनेतल्या गरीब रुग्णांना औषध देताना फार्मासिस्टाने समुपदेशन देऊ करणे बंधनकारक झाले. बहुतेक राज्यांनी ते पुढे सर्वच रुग्णांना लागू केले. सोमलाच्या वहीपासून या शब्दापर्यंत यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

आपल्याकडचे कायदे

भारतात १९३० साली रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. बाजारातल्या औषधांच्या भेसळीचे आणि अप्रशिक्षित विक्रेत्यांचे चित्र तिने मांडले. त्यातून १९४० चा औषध कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फार्मसी कायदा. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टानेच तयार करावे आणि द्यावे, हे या कायद्याचे सूत्र. अफूसाठी १९३० चा ‘डेंजरस ड्रग्ज’ कायदा होताच.

आज औषधांच्या पाकिटावरच ही वर्गवारी वाचता येते. परिशिष्ट ‘एच’मधल्या औषधांवर ‘आर-एक्स’ ही खूण असते. परिशिष्ट ‘एच-१’ २०१३ साली जाहीर झाले आणि २०१४च्या मार्चपासून लागू झाले. त्यातल्या औषधांची नोंद स्वतंत्र वहीत करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. परिशिष्ट ‘एक्स’मधल्या औषधांना ‘एक्स-आर-एक्स’ ही तांबडी खूण असते. त्यांना दुहेरी चिठ्ठी लागते, तिची एक प्रत दुकानदार दोन वर्षे ठेवतो आणि औषध कुलपात असते. अमली औषधांवर ‘एन-आर-एक्स’ असे तांबड्या अक्षरांत छापलेले असते.

शब्द मात्र आपल्याकडे २०१५ साली कायद्यात आला. त्या वर्षीच्या फार्मसी व्यवसाय विनियमांत प्रथमच म्हटले गेले, की फार्मासिस्टाने स्वतः पुढाकार घेऊन रुग्णाशी किंवा त्याची काळजी घेणाऱ्याशी बोलावे. औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस घ्यायचे, अपेक्षित परिणाम, दुष्परिणाम, साठवण, डोस चुकला तर काय करायचे, अशी यादीच तिथे दिली आहे. यादी उत्तम आहे. संध्याकाळी खिडकीवर दहा माणसे उभी असताना ती पाळणे कठीण जाते हेही खरे.

कुलूप फार घट्ट झाले तेव्हा

शब्दाशिवायचे कुलूप काय करू शकते याचे उदाहरण दुर्दैवाने आपल्याच देशातले आहे. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. व्यसन ही गंभीर आपत्ती आहे, आणि वेदना शमवण्यासाठी या औषधांना पर्याय नाही. १९८५ साली भारताने अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा केला. त्यात वैद्यकीय वापराला मुभा होती. पण शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके की दुकाने, रुग्णालये यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. अनेक राज्यांत एकाच गोळीच्या साठ्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे तीन-चार परवाने लागत, आणि दुसऱ्याचा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपे. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर दरवर्षी कित्येकशे किलोंच्या घरात होता. १९९७ साली तो अवघा १८ किलोंवर आला. नव्वद टक्क्यांहून मोठी घसरण!

याच काळात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश या राज्यांत परवान्याने अफू पिकत होती आणि वैद्यकीय उपयोगासाठी परदेशी जात होती. गाझीपूर आणि नीमच इथले सरकारी कारखाने चालू होते. आणि त्याच देशात कर्करोगाचा रुग्ण अखेरचे महिने कण्हत काढत होता, कारण जवळपासच्या कोणत्याही कपाटात त्याच्यासाठी गोळी नव्हती. स्वस्त गोळी होती, ज्ञान होते, जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशमनाची पायऱ्यापायऱ्यांची पद्धतही सांगितली होती. भीती आड आली.

यातून वाट काढणारेही होते. मुंबईत १९८६ साली ‘शांती आवेदना’ हे देशातले पहिले हॉस्पिस उभे राहिले. केरळात कोझिकोड इथे १९९३ साली डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकाराने वेदना आणि परिहार सेवेची संस्था सुरू झाली. तिथे रुग्णांना तोंडाने घ्यायचे मॉर्फिन घरी दिले जाऊ लागले. आधी नीट समजावून सांगायचे, घरच्यांना शिकवायचे, नोंद ठेवायची आणि मग गोळ्या द्यायच्या. दोन वर्षांच्या अशा अनुभवाचा अभ्यास २००१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध भलत्या हाती गेल्याचे एकही उदाहरण त्यात आढळले नाही. घरोघरी मॉर्फिन गेले की ते रस्त्यावर येईल, ही भीती निराधार ठरली.

२०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे पुढे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ म्हणून जाहीर झाली. त्यांच्यासाठी देशभर एकच नियम आला, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी झाली.

काय सांगायचे, आणि का

आता खिडकीवरच्या त्या बोलण्याकडे वळू. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या देताना ज्या सूचना दिल्या जातात, त्या प्रत्येकीमागे विज्ञान आहे.

पहिली सूचना: गोळी दुखेल तेव्हा नव्हे, दर चार तासांनी घड्याळ पाहून घ्या. शरीरातले मॉर्फिन साधारण दोन-तीन तासांत निम्मे होते. दोन तास धरले, तर चार तासांनी पाव हिस्सा उरतो. म्हणजे त्या सुमारास वेदना डोके वर काढते. वेदना वाढल्यावर तिला आटोक्यात आणायला जास्त औषध लागते. म्हणून तिला उठू न देणे हेच शहाणपणाचे. रात्री झोपमोड होऊ नये यासाठी पुष्कळदा निजताना दुप्पट डोस सांगतात, पण तो डॉक्टरांनी ठरवलेला असावा.

दुसरी: सोबतचे रेचक चुकवू नका. मॉर्फिन ज्या ग्राहींना चिकटते ते १९७३ साली मेंदूत सापडले. तसेच ग्राही आतड्यातही असतात. त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत बहुधा कमी होते, शरीराला सवय होते. बद्धकोष्ठतेची सवय मात्र शरीराला होत नाही. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण त्या त्रासाने मॉर्फिनच सोडतो.

तिसरी: सोबत दारू नको, डॉक्टरांना न विचारता झोपेच्या गोळ्या नकोत. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतले केंद्र श्वास वाढवते. मॉर्फिन त्या केंद्राची ही जाणीव बोथट करते. दारू आणि झोपेच्या गोळ्या त्यात भर घालतात. माणूस हाक मारूनही जागा होत नाही, श्वास फार मंद झाला आहे, बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आहे, अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही आधी सांगायचे, कारण मॉर्फिनचे प्रभावी अवशेष मूत्रावाटे बाहेर पडतात.

चौथी: एकदम बंद करू नका आणि गोळ्या संपेपर्यंत थांबू नका. बरेच दिवस घेतलेले मॉर्फिन अचानक थांबले तर घाम, नाक गळणे, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. याला शारीरिक अवलंबन म्हणतात. हे व्यसन नव्हे. व्यसनात नुकसान होत असूनही माणूस औषधाच्या मागे धावतो. हा फरक दोन वाक्यांत समजावला तर ‘याला आता सवय लागेल’ या भीतीने आजोबांची गोळी लपवून ठेवणारी घरची माणसे तसे करायचे थांबतात.

पाचवी: कुलपात ठेवा, लहान मुलांपासून दूर. उरलेल्या गोळ्या कोणाला देऊ नका, संस्थेत परत करा. इथे कुलूप आणि शब्द एकत्र येतात. दुकानातल्या कपाटाचे कुलूप घरच्या डब्यापर्यंत नेण्याचे काम शब्दच करतो.

इतर औषधांसाठी सूचना बदलतात. लांबवर काम करणाऱ्या गोळ्या कुटू किंवा चावू नयेत, नाहीतर बारा तासांचे औषध एकदम अंगात भिनते. व्यसनमुक्तीसाठी केंद्रात दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळू द्यायची. ती गिळली तर बरेचसे औषध आतडे आणि यकृतातच नष्ट होते. अल्प्राझोलामसारखी गोळी नीज येत नाही म्हणून शेजारणीला द्यायची नाही, आणि बराच काळ घेतल्यावर स्वतःच्या मनाने एकदम सोडायचीही नाही.

खोटा शब्द

शब्द आला म्हणजे सारे सुरळीत झाले, असे मात्र समजू नये. १९९६ साली अमेरिकेत ‘ऑक्सिकॉन्टिन’ हे लांबवर काम करणारे ऑक्सिकोडोन बाजारात आले. औषध सावकाश शोषले जात असल्यामुळे गैरवापराची शक्यता कमी असावी, असे त्याच्या माहितीपत्रकातच छापले होते. कंपनीच्या प्रतिनिधींनी हा समज डॉक्टरांपर्यंत पोचवला, आणि चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या निघाल्या. लोकांनी गोळ्या कुटल्या, आणि सावकाशपणा नाहीसा झाला. २००७ साली आणि पुन्हा २०२० साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. या औषधांपासून सुरू झालेली आणि पुढे हेरॉइन व बेकायदा फेंटानिलने वाढलेली साथ आजवर लाखो जीव घेऊन गेली आहे.

भारतात खरा शब्द न पोचल्यामुळे वेदना वाढली, अमेरिकेत खोटा शब्द पोचल्यामुळे मृत्यू वाढले. दोन्ही ठिकाणी कुलूप होते, वहीही होती. खिडकीवरच्या माणसाला खरी माहिती असणे, ती सांगण्याइतका त्याच्याकडे वेळ असणे आणि ‘ही चिठ्ठी मला बरोबर वाटत नाही’ असे म्हणण्याचे त्याला स्वातंत्र्य असणे, या गोष्टी कायद्यात लिहून आपोआप येत नाहीत.

वर्गात

या विषयातून वर्गासाठी काही करता येईल. मुलांना घरातली औषधांची रिकामी पाकिटे आणायला सांगावे. त्यांवरच्या खुणा, तांबडी रेघ, इशारे शोधून तक्ता करावा. भरलेले पाकीट आणू नये, हे आधी बजावावे.

दहावीच्या पुढच्या मुलांना गणित द्यावे. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम औषध घेतले, आणि चार तासांत त्याचा पाव हिस्सा उरतो, तर प्रत्येक डोसानंतर अंगात किती असेल? १०, १२.५, १३.१२५ अशी मालिका सुरू होते आणि १३.३३च्या जवळ स्थिरावते. भूमितीय श्रेढीचे इतके जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचित सापडते. मग एक डोस चुकवून आकडे पुन्हा काढायला सांगावेत. घड्याळ का पाहायचे, हे मुलांना आकड्यांतूनच उमगेल.

आणि शेवटी एकाला फार्मासिस्ट, एकाला रुग्णाची मुलगी करावे, आणि ते तीन प्रश्न विचारून पाहावेत. ‘समजले का?’ हा प्रश्न मात्र विचारायचा नाही, अशी अट घालावी. ही अट पाळणे किती अवघड आहे, हे मुलांना कळेल, आणि आपल्यालाही.